शिवसुमन : एका रानफुलाची नावे

सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर रुईच्या कुळातील एक दुर्मिळ, मांसल वनस्पती वाढते. तिचे फूल म्हणजे तांबूस-जांभळी, पिवळ्या खुणांची पाच पाकळ्यांची चांदणीच. तिच्या भाईबंदांना पाने जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात चांगली पाने फुटतात.

जुन्नर भागात आढळलेल्या या वनस्पतीचे वर्णन वनाधिकारी डाल्झेल यांनी १८६४ च्या सुमारास केले व तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. सर बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले, त्यांचेच नाव गडकड्यांवरील फुलास मिळावे, हा योगायोग विलक्षणच!

१९५८ साली रोली यांनी तिला ‘कॅरालुमा’ वंशात घातले. तेथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीचे होते. म्हणून तिला ‘फ्रेरी’ हे नाव मिळाले. वंशाचे नाव गेले, तरी गव्हर्नर राहिलेच!

मराठीत मात्र ती ‘शिंदळ माकुडी’. शिवनेरीचे स्मरण देणारे ‘शिवसुमन’ हेही तिचेच नाव. नावे बदलतील; परंतु कड्यावरचे रोपच नाहीसे झाले, तर ती नावे धारण कोणी करावयाची?