सहा बटनांचा गेम, दोन बटनांचं घर
मंडळी, अकोला-अमरावतीकडच्या पार्लरवाल्या पोट्ट्यांसाठी आजचा विषय: कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २'. साल १९९१. सहा बटनं, तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. हलकी, मधली, जोराची. खरी मजा तिथंच बाप्पा!

१९९२ मध्ये तो सुपर फॅमिकॉमवर घरी आला. पुढच्या वर्षी मेगा ड्राइव्हवर; सेगाचा कंट्रोलर तीन बटनांचा, म्हणून सहा बटनांचा नवा काढला. आपल्या टीव्हीला मात्र आठ बिटांची नक्कल. ए आणि बी, बस. कॅसेटवर नाव स्ट्रीट फायटरचं, आत कुणीतरी परस्पर बनवलेला गेम.

पण माझ्या मते बटनांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच. पार्लरात हरला तो उठायचा, जिंकला तो त्याच नाण्यावर खेळायचा. म्हणून पोट्टे आधी मागं उभं राहून डाव शिकायचे, मग खिशात हात घालायचे. घरी हरलं तं रिसेट!