धान्याची रास आणि घरातला पाव: सोव्हिएत चित्रांतील श्रमिक स्त्री

१/ खळ्यावर सोनेरी धान्याची रास पडली आहे. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या स्त्रिया पोती भरत आहेत. मधोमध उभी असलेली एक जण हसत बाही वर सारते आहे. तात्याना याब्लोन्स्काया या चित्रकर्तीचे १९४९ मधील हे भव्य चित्र. नाव ‘ख्लेब’. रशियन भाषेत या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: धान्य आणि पाव.

२/ समाजवादी वास्तववाद ही संज्ञा १९३२ मध्ये रूढ झाली आणि १९३४ च्या लेखक-परिषदेत तिला अधिकृत मान्यता मिळाली. वास्तव ज्या उज्ज्वल भविष्याकडे चालले आहे, त्या भविष्याच्या प्रकाशात ते दाखवावे, अशी कलावंताकडून अपेक्षा होती.

३/ या भविष्याचा चेहरा म्हणून वारंवार स्त्री निवडली गेली. सेराफिमा र्‍यान्गिनाच्या ‘अधिकाधिक उंच’ (१९३४) या चित्रात ती विजेच्या मनोऱ्यावर चढते. अलेक्सांद्र सामोख्वालोव्हने १९३७ मध्ये मॉस्को मेट्रोची कामगार रंगवली. हातात ड्रिल, देह एखाद्या शिल्पासारखा भरदार. त्याआधी वर्षभर, १९३६ मध्ये, त्याच राज्यसत्तेने गर्भपातावर बंदी घातली होती. स्त्रीकडून श्रमही हवे होते आणि अपत्येही.

४/ मग युद्ध आले. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मृत्युमुखी पडली. गावोगावी शेतीचा भार स्त्रियांवर आला. ‘ख्लेब’मधील खळे प्रामुख्याने स्त्रियांचे का, याचे उत्तर येथे आहे. चित्र या विरहाविषयी काहीही बोलत नाही.

५/ १९४६-४७ मध्ये दुष्काळ पडला. युक्रेन आणि मोल्दोव्हाला त्याची भीषण झळ बसली. अवर्षण हे एक कारण होते. परंतु त्याही स्थितीत सरकारी धान्यवसुली सुरूच राहिली आणि धान्याची निर्यातही झाली.

६/ सामूहिक शेतावर रोख वेतन नाममात्र असे. कामाचे ‘श्रमदिन’ मोजले जात. सरकारचा वाटा आधी उचलला जाई. उरलेल्यातून शेतकऱ्यांना मिळे. जून १९४७ च्या हुकुमान्वये सामूहिक मालमत्तेच्या चोरीसाठी दीर्घ कारावासाची तरतूद झाली. राशीवरून मूठभर धान्य उचलणेही जोखमीचे होते.

७/ याब्लोन्स्कायाही मुक्त नव्हती. तिच्या १९४७ मधील ‘शर्यतीपूर्वी’ या चित्रावर ‘इम्प्रेशनिझम’चा ठपका आला होता. त्यानंतर ती युक्रेनमधील एका सामूहिक शेतावर गेली, काम करणाऱ्या स्त्रियांची रेखाटने केली आणि त्यांतून ‘ख्लेब’ साकारले. १९५० मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले.

८/ मग हे चित्र खोटे म्हणावे काय? उन्हाने रापलेले हात खरे आहेत, पोत्यांचे वजन खरे आहे. त्या बायकांचा स्वतःच्या कष्टांविषयीचा अभिमानही खरा असू शकतो. ती पोती कोठे जाणार, हे मात्र चौकटीबाहेर राहते. या शेतकरी स्त्रियांना गाव सोडून जाणेही सोपे नव्हते: सामूहिक शेतकऱ्यांना देशांतर्गत पासपोर्टचा सर्वसाधारण हक्क देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला.

९/ ‘ख्लेब’ या शब्दात धान्य आणि पाव एकत्र नांदतात. ज्या स्त्रियांनी ती रास उभी केली, त्यांच्या आयुष्यात या दोहोंच्या मध्ये राज्यसत्ता उभी होती. चित्र पाहताना रास पाहावी, आणि तिचा हिशेब कोणाच्या वहीत होता, हेही विचारावे.