बदली माणूस येईपर्यंत

सुपरहीरो चांगलं का वागतो, या प्रश्नाचं उत्तर कॉमिक्सवाल्यांनी फार पूर्वीच सोपं करून ठेवलंय. बॅटमनच्या डोळ्यांदेखत आईबापांचा खून झाला. स्पायडरमॅनने ज्या चोराला 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ दिलं, त्यानेच पुढे त्याच्या काकांना मारलं. आपल्या लहानपणीचा इंद्रजाल कॉमिक्सवाला वेताळ घ्या. त्याच्या मूळपुरुषाने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि पिढ्यानपिढ्या पोरं ती निभावत बसली. थोडक्यात काय, एक जखम, एक शपथ, की झाला हीरो तयार. आम्हा इंजिनियर लोकांना हे फार आवडतं. बिघाड झाला की मूळ कारण एकच सापडावं आणि अहवाल बंद करावा, अशी आमची जन्माची इच्छा असते!

पण खऱ्या माणसांचा इतिहास काढून बसलं की हा अहवाल काही बंद होत नाही. आयर्लंडमध्ये याची दोन उत्तम उदाहरणं आहेत. एक पुराणातलं, एक अगदी कालपरवाचं.

पुराणातल्या हीरोचं नाव कू खुलिन. (स्पेलिंगच्या वाटेला जाऊ नका. आयरिश भाषेत लिहिलेलं आणि बोललेलं यांचा संबंध दूरच्या नातेवाइकांइतकाच असतो.) डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर जी भव्य जीपीओ आहे, म्हणजे पोस्टाची मुख्य कचेरी, तिथे याचा ब्राँझचा पुतळा आहे. मरताना शत्रूसमोर पडायला नको म्हणून त्याने स्वतःला दगडी खांबाला बांधून घेतलंय आणि खांद्यावर कावळा बसलाय. पुतळा ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने १९११ च्या सुमारास घडवला. १९१६ चा ईस्टरचा उठाव याच इमारतीतून झाला, म्हणून १९३५ मध्ये तो उठावाचं स्मारक म्हणून इथे बसवला गेला.

हा कू खुलिन लढला कशासाठी? गोष्ट अशी. कॅथबड नावाच्या ड्रुइडाने, म्हणजे पुरोहित-ज्योतिषी अशा माणसाने, भाकीत केलं की आज जो मुलगा शस्त्र हाती धरेल त्याचं नाव कायम राहील, पण आयुष्य अल्प असेल. हे ऐकून पोरगा धावत राजाकडे गेला आणि शस्त्र मागितलं. एकच दिवस जगलो तरी चालेल, पण नाव राहिलं पाहिजे! उठावाचा पुढारी पॅट्रिक पिअर्स याचं हे दैवत. त्याने आपल्या शाळेत भिंतीवर हाच प्रसंग आणि हेच वचन रंगवून घेतलं होतं. ३ मे १९१६ ला इंग्रजांनी पिअर्सला गोळ्या घातल्या, आणि भाकीत त्याच्याही बाबतीत खरं ठरलं म्हणायचं.

म्हणजे पहिलं उत्तर: कीर्ती. मरावे परी कीर्तिरूपे उरावे हे आपणही शाळेत घोकलेलं आहेच.

पण याच कू खुलिनची आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त आवडते. त्याचं मूळ नाव सेटांटा. लहान असताना तो कूलन नावाच्या लोहाराकडे मेजवानीला उशिरा पोचला. राखणीचा भयंकर कुत्रा अंगावर आला आणि पोराने त्याला मारून टाकलं. लोहार रडायला लागला, आता माझी गुरंढोरं कोण राखणार? तेव्हा सेटांटा म्हणाला, दुसरं पिल्लू मोठं होईपर्यंत तुझी राखण मी करतो. म्हणून नाव पडलं कू खुलिन, म्हणजे कूलनचा कुत्रा. आयर्लंडच्या सगळ्यात मोठ्या वीराचं नाव पराक्रमावरून नाही, तर बदली कामगार म्हणून पडलंय, बरं का!

हे 'बदली' प्रकरण लक्षात ठेवा. आता कालपरवाच्या हीरोकडे वळू.

मेरी एल्म्स. जन्म १९०८, गाव कॉर्क, वडिलांचं औषधांचं दुकान. म्हणजे खाऊनपिऊन सुखी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच आणि स्पॅनिश घेऊन पहिल्या वर्गात आली, मग शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेली. पुढे प्राध्यापिका व्हायची, झालं. पण १९३७ च्या सुरुवातीला स्पेनमधलं यादवी युद्ध पेटलेलं असताना ती सर जॉर्ज यंग यांच्या मदतपथकातून अल्मेरियाला गेली. तिथे मालागाहून पळून आलेल्या निर्वासितांचे लोंढे येत होते. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. तिला भाषा येत होत्या आणि हिशेब ठेवता येत होता. मुलांच्या इस्पितळाची व्यवस्था बघायचं काम तिच्याकडे आलं.

१९३७ च्या अखेरीस कॉर्कमध्ये तिचे वडील अचानक वारले. ती घरी गेली नाही. कारण? तिच्या जागी यायला बदली माणूस नव्हतं. बस, एवढंच. कवटी नाही, शपथ नाही.

फ्रँको जिंकल्यावर सुमारे पाच लाख स्पॅनिश लोक पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये आले. फ्रेंच सरकारने त्यांना समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत तारेची कुंपणं घालून कोंडलं. १९३९ मध्ये मेरीही त्यांच्या मागोमाग फ्रान्समध्ये आली आणि पेर्पिन्यां गावात क्वेकर लोकांच्या मदतसंस्थेत काम करू लागली. छावण्यांत दूध, कपडे, शाळा, अगदी पुस्तकांची वाचनालयंसुद्धा.

या क्वेकरांविषयी दोन शब्द. हा ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. युद्ध करणार नाही, आणि भुकेल्याला जात-धर्म न विचारता जेवू घालणार. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या रोगाने भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. तेव्हा काही मिशनरी धर्म बदलण्याच्या अटीवर सूप वाटत. 'त्याच्या घराण्याने सूप घेतलं' हा त्या देशात पिढ्यानपिढ्या टोमणा होऊन राहिला. क्वेकरांनीही सूप वाटलं, पण बिनशर्त, म्हणून त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. मेरी स्वतः क्वेकर नव्हती, पण कामाची पद्धत तीच.

मग आलं १९४२. दक्षिण फ्रान्स अजून थेट जर्मनांच्या ताब्यात नव्हता, विशी सरकार होतं. पण त्याच सरकारने ज्यू लोकांना पकडून जर्मनांच्या हवाली करायचं कबूल केलं. पेर्पिन्यांजवळच्या रिव्हसाल्ट छावणीत लोक गोळा केले जाऊ लागले. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथून नऊ खेपांत दोन हजारांहून अधिक ज्यू पॅरिसजवळच्या द्राँसीला पाठवले गेले आणि तिथून पुढे बहुतेक सगळे ऑशविट्झला. सुरुवातीला आईबापांना मुलं मागे ठेवायची मुभा होती. ऑगस्टमध्येच तीही काढून घेतली.

पहिली गाडी सुटली ११ ऑगस्टला. त्याच दिवशी मेरीने नऊ मुलं छावणीतून गायब केली. आपल्या मोटारीत, जमेल तिथे लपवून, वेळ पडली तर डिकीतसुद्धा. त्यांना तिने डोंगरातल्या आणि किनाऱ्यावरच्या बालगृहांत नेऊन सोडलं. मग पुन्हा फेरी, पुन्हा फेरी. तिने आणि इतर संस्थांच्या माणसांनी मिळून त्या तीन महिन्यांत सुमारे ४२७ मुलं वाचवली असं मानलं जातं. नेमकी तिची किती, हा हिशेब हिशेबात पक्क्या असलेल्या या बाईने ठेवला नाही. तो ठेवणं धोक्याचंच होतं म्हणा.

यातला सगळ्यात कठीण भाग मोटार चालवणं नसावा. आईसमोर उभं राहून 'मूल माझ्याकडे दे' असं म्हणायचं, आणि आईने द्यायचं. दोघींनाही पुढचं माहीत नाही. त्या आयांचं धैर्य कुठल्या कॉमिकात बसवणार?

फेब्रुवारी १९४३ मध्ये गेस्टापोने मेरीला पकडलं. आधी तुलूझ, मग पॅरिसजवळचा फ्रेन्चा कुप्रसिद्ध तुरुंग. जवळजवळ सहा महिने. सुटल्यावर काय केलं? पुन्हा कामावर रुजू! पुढे कोणी तुरुंगाबद्दल विचारलं, तर त्या काळात सगळ्यांचीच गैरसोय झाली अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती विषय संपवायची. एका फ्रेंच माणसाशी लग्न केलं, दोन मुलं झाली, पेर्पिन्यां परिसरातच राहिली. फ्रान्सने देऊ केलेला लीजन ऑफ ऑनर तिने घेतला नाही. २००२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ती वारली, तेव्हा आयर्लंडमध्ये तिचं नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हतं. कू खुलिनचं अगदी उलट!

नाव बाहेर आलं ते वाचलेल्यांमुळे. तिने बाहेर काढलेल्या दोन लहान भावांपैकी एक, रोनाल्ड फ्रेंड, अमेरिकेत मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपल्याला वाचवणारी बाई कोण, याचा शोध घेत तो तिच्यापर्यंत पोचला. २०१३ मध्ये इस्राएलच्या याद वाशेमने तिला 'राष्ट्रांमधील सत्प्रवृत्त' हा सन्मान दिला. तो मिळालेली ती पहिली आयरिश व्यक्ती. २०१९ मध्ये कॉर्कमध्ये ली नदीवरच्या नव्या पादचारी पुलाला तिचं नाव दिलं.

आता मूळ प्रश्न. तिने हे का केलं? तिने स्वतः उत्तर दिलंच नाही. पण अशा माणसांचा अभ्यास झालाय. सॅम्युएल ऑलिनर हा पोलंडमधला ज्यू मुलगा १९४२ मध्ये एका शेतकरी बाईमुळे वाचला आणि पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ झाला. त्याने आणि त्याची पत्नी पर्ल हिने ज्यूंना वाचवणाऱ्या शेकडो लोकांच्या मुलाखती घेऊन १९८८ मध्ये पुस्तक काढलं. त्यात दिसलं ते असं: ही माणसं फार धार्मिक किंवा फार धाडसी होती असं नाही. त्यांना लहानपणी मारण्याऐवजी समजावून सांगितलं गेलं होतं. आपली माणसं आणि परकी माणसं यांतली रेघ त्यांनी जरा लांब ओढलेली होती. आणि बहुतेकांची सुरुवात कशी झाली? कोणीतरी येऊन मदत मागितली म्हणून!

आपल्याकडचे बाबा आमटे आठवा. पावसात पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला बघून ते आधी पळाले. मग त्या पळण्याचीच लाज वाटून परतले. आपण कुष्ठसेवा केली ती कोणावर उपकार म्हणून नव्हे, तर मनातली भीती घालवायला, असं ते स्वतःच सांगत. त्यातून आनंदवन उभं राहिलं. म्हणजे हेतू किती 'उदात्त' होता यावर कामाचं मोठेपण ठरत नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे घ्यायला हवा. नेमून दिलेली जागा न सोडणं एवढाच जर मेरीचा गुण असेल, तर त्याच छावणीत गाडीत बसवायच्या लोकांच्या याद्या टाइप करणारे कारकूनही जागा न सोडणारेच होते की! तेही वेळेवर येत होते. फरक मला असा वाटतो. कारकुनाने विचारलं, माझं काम काय? मेरीने विचारलं, माझं काम कशासाठी? मुलांना दूध पाजायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला ती मुलं मरणाच्या गाडीत बसताना वही मिटून घरी जाता येत नाही. दुधाच्या हिशेबापासून डिकीपर्यंतचा रस्ता सरळच आहे. फक्त त्यावरून शेवटपर्यंत जाणारे थोडे.

म्हणून मला वाटतं, कू खुलिनच्या दोन गोष्टींपैकी पुतळा चुकीच्या गोष्टीचा झाला. कीर्तीसाठी मरणारा वीर थोर खराच. पण 'दुसरं पिल्लू मोठं होईपर्यंत मी राखतो' म्हणणारं पोर जगाला जास्त उपयोगी पडतं. त्याला अंगात शक्ती लागत नाही. एक जागा रिकामी आहे आणि जवळपास आपणच आहोत, एवढं दिसावं लागतं.