हिमोफिलियावरील जनुकोपचाराच्या चाचण्या

हिमोफिलियावरील जनुकोपचाराच्या चाचण्या : रक्त गोठवणाऱ्या आठव्या किंवा नवव्या घटकाचे जनुक सदोष असलेल्या रुग्णाच्या पेशींत त्या जनुकाची निर्दोष प्रत पोहोचवून शरीराकडूनच तो घटक तयार करून घेता येतो का, हे तपासणारे माणसांवरील वैद्यकीय प्रयोग. आठवा घटक कमी पडला की हिमोफिलिया ए होतो आणि नववा कमी पडला की हिमोफिलिया बी. दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने रोग मुख्यतः पुरुषांत दिसतो. पहिला प्रकार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो. दुसरा त्याच्या पाच-सहा पट विरळ आहे. असे प्रयोग १९९१ पासून चालू असून २०२२ पासून त्यांतून बाजारात येण्याइतकी औषधे निघाली.

जनुकोपचारासाठी हा रोग संशोधकांनी इतक्या लवकर निवडला, त्याला कारणे आहेत. रक्तातील घटकाचे प्रमाण निरोगी माणसाच्या १ टक्क्याहून कमी असेल तर रोग तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य मानतात. तीव्र रुग्णाच्या गुडघ्यात, घोट्यात, कोपरात काही न लागताही रक्त उतरते आणि वारंवार तसे झाले की सांधा कायमचा आखडतो. तेच प्रमाण चार-पाच टक्क्यांवर गेले तरी आपोआप होणारे रक्तस्राव जवळजवळ थांबतात. म्हणजे उपचाराला शंभर टक्के यश लागत नाही. थोडी चढण पुरते. शिवाय यश मोजायला साधी रक्ततपासणी पुरते, आणि घटक शरीरात कोणत्या पेशीने बनवला यालाही फारसे महत्त्व नसते, तो रक्तात उतरला म्हणजे झाले. हिमोफिलिया निसर्गतः असणारी कुत्री उपलब्ध असल्याने प्रत्येक कल्पना आधी त्यांच्यावर तपासता येते, ही आणखी एक सोय.

नवव्या घटकाचे जनुक १९८२ मध्ये आणि आठव्याचे १९८४ मध्ये वेगळे करण्यात आले. तो काळ रुग्णांसाठी भीषण होता. हजारो दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून काढलेल्या सांद्रित घटकांतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांचा प्रसार झाला आणि अनेक देशांत तीव्र हिमोफिलियाची एक पिढीच त्यात सापडली. पुढे प्रयोगशाळेत बनवलेले शुद्ध घटक आले. पण आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून सुई घेणे काही सुटले नाही. ‘एकदाच उपचार’ या कल्पनेचे आकर्षण या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

सुरुवातीचे प्रयत्न : पहिली चाचणी शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी १९९१ मध्ये केली. हिमोफिलिया बी असलेल्या दोन भावांच्या त्वचेतील पेशी काढून, त्यांत रेट्रोव्हायरसद्वारे जनुक घालून त्या परत टोचण्यात आल्या. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत निरनिराळ्या वाटा चोखाळल्या गेल्या. एका चाचणीत आठव्या घटकाचे जनुक घातलेल्या त्वचापेशी रुग्णाच्या पोटातील वपेवर रोवल्या, दुसरीत रेट्रोव्हायरस थेट शिरेतून दिला, तिसरीत ॲडेनोव्हायरस वापरला. थोडेफार वर गेलेले प्रमाण कोठेच टिकले नाही. १९९९ मध्ये फिलाडेल्फियात यकृताच्या एका वेगळ्याच आजारावरील चाचणीत ॲडेनोव्हायरस दिलेला १८ वर्षांचा तरुण दगावला आणि साऱ्या जनुकोपचार क्षेत्रावरच कडक नजर आली.

याच सुमारास एएव्ही, म्हणजे ॲडेनो-संलग्न विषाणू, पुढे आला. हा लहानसा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही, आणि त्याने आणलेला डीएनए बहुतांशी गुणसूत्रात न घुसता पेशीच्या केंद्रकात सुटा राहतो. नवव्या घटकाचे जनुक घेऊन तो आधी मांडीच्या स्नायूंत टोचला गेला. रक्तातील प्रमाण उपयोगी पातळीला पोहोचले नाही. मात्र एका सहभागीच्या स्नायूत दहा वर्षांनंतरही घटक तयार होत असल्याचे पुढे आढळले. मग विषाणू यकृताच्या धमनीतून दिला गेला. पहिल्याच सहभागीच्या वीर्यात त्याच्या डीएनएचे अंश सापडल्याने चाचणी काही काळ थांबवावी लागली. ते अंश नंतर नाहीसे झाले. सर्वाधिक मात्रेला नवव्या घटकाचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास चढले, पण सुमारे महिन्याभरात यकृताची विकरे वाढली आणि मिळवलेला घटक पुन्हा शून्याकडे गेला. कुत्र्यांत असे कधी घडले नव्हते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी एक मोठा धडा दिला: माणसाच्या प्रतिकारशक्तीला एएव्ही आधीपासून ओळखीचा असतो, आणि त्याचे कवच बाळगणाऱ्या यकृतपेशींनाच टी पेशी मारून टाकतात.

लंडनची चाचणी : युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे अमित नाथवानी आणि एडवर्ड टडनहॅम यांनी अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांबरोबर २०१० मध्ये सुरू केलेली चाचणी हा या इतिहासातील खरा वळणबिंदू होय. त्यांनी यकृताकडे ओढ असलेला एएव्ही-८ हा प्रकार निवडला. तो हाताच्या शिरेतून देता येत होता. तीव्र हिमोफिलिया बी असलेल्या दहा पुरुषांना तीन वेगवेगळ्या मात्रा दिल्या गेल्या. सर्वांत मोठी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे २ लाख कोटी विषाणुकण इतकी होती. मोठी मात्रा घेतलेल्या सहापैकी चौघांची यकृत-विकरे सातव्या ते दहाव्या आठवड्यात वाढली. या वेळी डॉक्टर तयार होते. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लगेच सुरू केल्याने विकरे खाली आली आणि घटकही वाचला. तेव्हापासून स्टेरॉइड या उपचाराचा जवळजवळ अविभाज्य भाग बनले.

मोठ्या मात्रेच्या गटातही घटकाचे प्रमाण सरासरी ५ टक्क्यांच्या आसपासच होते. आकडा किरकोळ वाटेल. पण तेरा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले तेव्हा प्रमाण जवळपास तिथेच होते आणि रक्तस्राव पूर्वीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर होते. पुढील काळात याच्या कितीतरी पट उंच गेलेले आकडे दोन-तीन वर्षांत घसरताना दिसले. त्यांच्या तुलनेत लंडनच्या या पाच टक्क्यांचे मोल प्रस्तुत लेखकाला जास्त वाटते.

पादुआ प्रकार : इटलीतील पादुआ येथील पाओलो सिमिओनी यांनी २००९ मध्ये एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यातील तरुणाला रक्त कमी गोठण्याऐवजी जास्त गोठण्याचा त्रास होता. त्याच्या नवव्या घटकातील ३३८ व्या स्थानी आर्जिनीनऐवजी ल्युसीन हे ॲमिनो आम्ल होते, आणि त्या एका बदलाने घटक सुमारे आठपट क्रियाशील झाला होता. एकाचा रोग दुसऱ्याचे औषध ठरावा असा योग वैद्यकात क्वचित येतो. हा प्रकार वापरला तर विषाणूची मात्रा कमी ठेवूनही भरपूर परिणाम मिळतो. फिलाडेल्फियाच्या स्पार्क कंपनीच्या चाचणीत दर किलोमागे ५० हजार कोटी कणांच्या मात्रेने दहा जणांची क्रियाशीलता सरासरी ३४ टक्क्यांच्या घरात गेली. हेच औषध पुढे फायझरकडे गेले आणि फिडानाकोजीन एलापार्व्होवेक या नावाने अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये एट्रानाकोजीन डेझापार्व्होवेक, व्यापारी नाव हेमजेनिक्स, याला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. हिमोफिलिया बीवरील मान्यताप्राप्त असा तो पहिला जनुकोपचार. त्याच्या होप-बी चाचणीत ५४ पुरुष होते, आणि एएव्हीविरोधी प्रतिपिंडे असलेल्यांनाही मुद्दाम प्रवेश दिला होता. प्रतिपिंडे फारच जास्त असलेल्या एकाला औषध लागू पडले नाही. बाकीच्या बहुतेकांना पडले.

या चाचण्यांत निष्क्रिय औषध घेणारा तुलनागट नसतो. सहभागी आधी किमान सहा महिने नेहमीचे घटक घेत राहतो, त्याच्या रक्तस्रावांची नोंद ठेवली जाते, आणि औषधानंतरचे त्याचेच आकडे त्याशेजारी मांडले जातात. पद्धत रास्त आहे, पण तिला एक मर्यादा आहे: रक्तस्राव रुग्ण स्वतः नोंदवतो, आणि आपल्याला नवे औषध मिळाले आहे हे त्याला ठाऊक असते. रक्तातील टक्केवारीही वाटते तितकी निर्विवाद नसते. जनुकोपचारातून बनलेला घटक एक-टप्पी तपासणीत जास्त आणि रंगाधारित तपासणीत कमी भरतो. आठव्या घटकाबाबत हा फरक दीडपटीच्या आसपास असतो. त्यामुळे कोणत्या तपासणीचा आकडा छापला आहे हे पाहिल्याशिवाय दोन औषधांची तुलना करू नये.

आठव्या घटकाची अडचण : संख्येने मोठा वर्ग हिमोफिलिया एचा, पण तेथे काम अधिक अवघड. एएव्हीमध्ये सुमारे ४,७०० बेसजोड्यांचाच डीएनए मावतो, तर आठव्या घटकाची संपूर्ण सांकेतिक साखळी सात हजारांच्या घरात जाते. बी नावाचा अनावश्यक भाग कापून ती कशीबशी बसवावी लागली. दुसरी गोष्ट अशी की, नववा घटक यकृतपेशीच बनवतात, परंतु आठवा निसर्गतः यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत बनतो. एएव्ही हे काम परक्या यकृतपेशींवर लादतो. प्रमाण टिकत नाही त्यामागे हेही एक कारण असावे, असा तर्क आहे.

बायोमरिन कंपनीच्या व्हॅलोक्टोकोजीन रॉक्सापार्व्होवेक या औषधाची पहिली चाचणी सविता रंगराजन, जॉन पासी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सर्वाधिक मात्रा, दर किलोमागे ६० लाख कोटी कण, मिळालेल्या सातपैकी बहुतेकांचा आठवा घटक निरोगी माणसाइतका झाला. त्या वेळच्या बातम्यांत ‘बरा झाला’ हा शब्द सर्रास वापरला गेला. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रमाण उतरू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अर्ज परत पाठवला आणि दोन वर्षांची माहिती मागितली. हा निर्णय तेव्हा अनेकांना निष्ठुर वाटला. पुढची आकडेवारी पाहता तो बरोबरच होता. १३४ पुरुषांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत पहिल्या वर्षाअखेर मिळालेली पातळी दुसऱ्या वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यावर आली. रक्तस्राव मात्र सुमारे ८४ टक्क्यांनी कमी झालेले राहिले. युरोपने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि अमेरिकेने जून २०२३ मध्ये औषध मंजूर केले.

एकदा एएव्ही घेतला की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे इतकी वाढतात की परिणाम ओसरल्यावर तोच उपचार पुन्हा देता येत नाही. मुले बहुतेक चाचण्यांबाहेर ठेवली गेली, कारण वाढत्या यकृतात पेशी विभागत जातात आणि सुटा राहिलेला डीएनए विरळ होत जातो. इनहिबिटर, म्हणजे टोचलेल्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे असलेले रुग्णही बहुतांशी वगळले गेले. कर्करोगाची शंका होप-बीमध्ये प्रत्यक्ष समोर आली: एका सहभागीच्या यकृतात कर्कगाठ सापडल्याने २०२० अखेर चाचणी थांबली. गाठीच्या पेशींची जनुकीय तपासणी केल्यावर औषधाचा संबंध नसल्याचा निष्कर्ष निघाला आणि एप्रिल २०२१ मध्ये बंदी उठली. कुत्र्यांच्या दहा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात मात्र एएव्हीचा काही डीएनए गुणसूत्रांत घुसल्याचे व अशा काही पेशींची संख्या वाढल्याचे २०२१ मध्ये दिसले. गाठी झाल्या नव्हत्या.

मंजुरीनंतर जे घडले ते चाचण्यांच्या कोणत्याही आराखड्यात नव्हते. हेमजेनिक्सची किंमत ३५ लाख डॉलर आणि रॉक्टाव्हियनची, म्हणजे बायोमरिनच्या औषधाची, २९ लाख डॉलर ठरली. दरम्यान एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचे, आठवड्याला किंवा चार आठवड्यांनीही घेता येणारे औषध हिमोफिलिया एच्या रुग्णांपर्यंत पोहोचले होते. स्टेरॉइडचे महिने, दर आठवड्याची रक्ततपासणी, मद्य वर्ज्य आणि वर परिणाम किती वर्षे राहील याची खात्री नाही, हे सगळे पत्करायला फार थोडे रुग्ण पुढे आले. फायझरने फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्ण आणि डॉक्टर यांच्याकडून प्रतिसाद नसल्याचे सांगत आपले औषध मागे घेतले. आठव्या घटकावरील तिचा दुसरा प्रकल्प त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, सोडून दिला होता. बायोमरिननेही २०२५ मध्ये रॉक्टाव्हियन दुसऱ्या कोणाला देऊन टाकण्याचा मनोदय जाहीर केला. विज्ञान जमले, पण धंदा जमला नाही.

वेल्लोरची चाचणी : भारतात आजही असंख्य रुग्ण रक्तस्राव झाल्यावरच घटक घेतात; तो होऊ नये म्हणून नियमित घटक घेणे मोजक्यांनाच परवडते किंवा सरकारी रुग्णालयातून मिळते. शिवाय येथील रुग्णांत एएव्हीविरोधी प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळतात. म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील आलोक श्रीवास्तव यांच्या चमूने निवडलेली निराळी वाट लक्षणीय आहे. रुग्णाच्याच रक्तनिर्मितीच्या मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत लेंटिव्हायरसद्वारे त्यांत आठव्या घटकाचे जनुक घालायचे आणि त्या परत द्यायच्या. हे जनुक अटलांटाच्या एमरी विद्यापीठात घडवलेले, माणूस आणि डुक्कर यांच्या आठव्या घटकांचा संकर असलेले आहे. डुकराच्या भागामुळे पेशी घटक जास्त प्रमाणात बाहेर सोडतात. त्यावर असे नियंत्रण बसवले आहे की मूळ पेशींपासून पुढे घडणाऱ्या मोनोसाइट पेशींतच ते काम करते.

या चाचणीची घोषणा केंद्रीय विज्ञानमंत्री जितेंद्र सिंह यांनी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात केली, आणि निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. तीव्र हिमोफिलिया ए असलेले २२ ते ४१ वयाचे पाच पुरुष. सर्वांचा मिळून ८१ महिन्यांचा पाठपुरावा. त्या काळात एकालाही रक्तस्राव नाही. जनुक पेशीत शिरायला मदत करणारे द्रव्य ज्या तिघांच्या बाबतीत वापरले, त्यांचे प्रमाण इतर दोघांपेक्षा बरेच वर राहिले. यात एएव्हीविरोधी प्रतिपिंडांचा अडथळा येत नाही, आणि मूळ पेशी आयुष्यभर विभागत राहत असल्याने परिणाम टिकण्याची तात्त्विक शक्यताही जास्त आहे.

मात्र नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी अस्थिमज्जा आधी तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते. काही आठवडे संसर्गाचा धोका, रुग्णालयातील मुक्काम, प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याची शक्यता हे सारे त्याबरोबर येते. लेंटिव्हायरस गुणसूत्रात कायमचा शिरतो. २००० नंतरच्या दशकात जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या काही बालकांना जुन्या रेट्रोव्हायरसमुळे ल्युकेमिया झाला होता. म्हणून जनुक वाहून नेणाऱ्या अशा विषाणूंसाठी अमेरिकी औषध प्रशासन पंधरा वर्षांपर्यंतचा पाठपुरावा सुचवते. निष्कर्ष छापले गेले तेव्हा वेल्लोरच्या पाच जणांपैकी सर्वांत आधी उपचार घेतलेल्याला जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती.