चुंबळ आणि माथा

कष्टाचा भार सुसह्य व्हावा म्हणून माणसाने अंगावर चढविलेल्या साधनांची नावे घ्यायची झाली, तर मी पहिला मान चुंबळीला देईन. जुनेराला पीळ देऊन केलेले हे कडे घागरीचे वजन तोळाभरही घटवीत नाही. मात्र घागरीचा गोल बूड टाळूवर न रुतता कड्यावर टेकतो, घागर डोलत नाही आणि मानेचे श्रम वाचतात. कावडीचेही तसेच, ती वजन कमी करीत नाही, दोन बाजूंना वाटून देते. इकडे पवनारच्या शिवारात कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते. तिचे दोन्ही हात मोकळे होतात. पण ओटी भरत जाते तसतशी तिची कंबर पुढे ओढली जाते.

यंत्रयुगातही माणसाने हाच ध्यास घेतला. १८९० साली रशियातील निकोलस याग्न यांना अमेरिकेत एका साधनाचे पेटंट मिळाले. चालणे, धावणे नि उडी मारणे सोपे व्हावे, हा त्याचा हेतू. पुढे १९६० नंतरच्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ नावाचा अंगावर चढवावयाचा यांत्रिक सांगाडा बांधावयास घेतला. त्याने सुमारे ६८० किलो उचलावेत अशी अपेक्षा होती. त्याचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच भरले! अखेर त्याचा एक हात काय तो चालला.

त्याच दशकात दुसरा विचार पुढे आला. वाहणाऱ्याला बळकट करण्याऐवजी ओझेच का कमी करू नये? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याच्या नावातच माथा आहे! मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली होती. कायद्यामुळे नोंदणी, मंडळे नि भविष्यनिर्वाह निधी आला. परंतु शंभर किलोंचे पोते पन्नासांवर आणण्यासाठी हमालांना वेगळे झगडावे लागले.

याच पवनारात, धाम नदीच्या काठी, विनोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास बैलांवाचून शेती करण्याचा प्रयोग केला आणि रहाट स्वतः ओढला. श्रमाला त्यातून प्रतिष्ठा मिळाली. पण ते श्रम त्यांनी आपण होऊन पत्करलेले होते. हमालाला तशी निवड कोठली? आणि प्रतिष्ठा मिळाली म्हणून मणका झिजावयाचा थांबत नाही.

आज कारखान्यांत कंबरपट्टे आणि खांद्यांना आधार देणारे सांगाडे येऊ लागले आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र पट्टा आल्यावर खेपा तेवढ्याच राहिल्या की वाढल्या, हे आपण मोजावे. खेपा वाढल्या, तर वाचलेले श्रम मालकाच्या खात्यावर जमा झाले असे समजावे. बाईने चुंबळ वळली ती आपल्याच डोक्याच्या मापाने. नव्या साधनाचे माप घेतानाही पहिला शब्द वाहणाऱ्याचा असावा.