एका मुंगीची तीन नावे

नाशिक परिसरातील शाळांच्या आवारात आंबा, चिंच किंवा बाभळीचे एखादे जुने झाड असतेच. अशा खोडांवर एक सडपातळ मुंगी एकटीच लगबगीने फिरताना आपल्याला दिसते. डोके व पोट काळे, छाती तांबूस, डोळे मोठे आणि लांबी एक सेंटिमीटरहून थोडी अधिक. किड्यांनी पोखरलेल्या वाळक्या फांदीत ती घर करते. अरुंद बिळात वावरायला तिचा सडसडीत बांधा सोयीचा असतो.

या मुंगीला शास्त्रीय नाव दिले थॉमस जर्डन यांनी. ते मद्रास इलाख्यातील डॉक्टर. पक्षितज्ज्ञ म्हणून अधिक प्रसिद्ध. १८५१ साली दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी करताना त्यांनी हिला ‘एसिटॉन’ या प्रजातीत घातले. एसिटॉन म्हणजे अमेरिकेतील, फौजेसारख्या झुंडीने शिकारीस निघणाऱ्या मुंग्या. एकट्याने फिरणाऱ्या आपल्या मुंगीचे त्यांच्याशी जवळचे नाते नाही.

पुढे ती ‘सिमा’ या प्रजातीत गेली. बिंगहॅम यांच्या १९०३ च्या ग्रंथात ती याच नावाने येते. आज तिला ‘टेट्रापोनेरा रूफोनायग्रा’ म्हणतात. मध्य अमेरिकेत बाभळीच्या जातीतील झाडांच्या पोकळ काट्यांत राहणाऱ्या मुंग्या तिच्याच उपकुलातील आहेत.

प्रजातीचे नाव बदलले, पण ‘रूफोनायग्रा’, म्हणजे तांबडी-काळी, हा जर्डन यांचा शब्द टिकला. पहिले जातिनाम कायम ठेवावे असा नियमच आहे. तरी आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाते ठरवायला जगभरचे नमुने शेजारी ठेवावे लागतात. रंग मात्र झाडापाशी उभे राहून पाहता येतो.

असे पाहणारे बहुतेक हौशी अभ्यासक होते. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लिहिले. त्याआधी, १८८९ साली, रॉथनी यांनी कलकत्त्याजवळच्या बराकपूरची नोंद प्रसिद्ध केली होती: याच मुंगीसारखे दिसणारे एक कोळी व एक गांधीलमाशी तिच्याच सोबतीने खोडांवर वावरतात. हे सोंग त्यांना का उपयोगी पडत असावे? या मुंगीची नांगी फार झोंबते. काहींना तिची गंभीर ॲलर्जीही होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी तिला हात न लावता पाहावे. पाय मोजावेत: सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळी! आणि धोक्याची नसेल तर एखादी वाळकी फांदी झाडावर राहू द्यावी. आपल्याला ती लाकूडफाटा वाटते. या मुंगीचे मात्र ते घर असते.