शेवटचं कडवं

दिवाळीत देऊळगावला गेलो होतो. (देऊळगाव राजा. पण आम्ही 'राजा' फक्त पत्त्यात लिहितो!) माळा आवरताना जुन्या कॅसेटचा खोका सापडला. बहुतेक सगळ्या बालाजीच्या यात्रेत घेतलेल्या. आश्विनातल्या त्या यात्रेत भांड्यांच्या दुकानांशेजारी एक कॅसेटवाला बसायचा. नवी गाणी आम्हाला पहिल्यांदा भेटायची ती त्याच्या कर्ण्यावर... रेडिओवर ती लागल्याचं मला तरी आठवत नाही.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, छोट्या कंपन्या निघाल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं १९९३ सालचं 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक याच बदलावर आहे. त्याचा भर उत्तर भारतावर, पण वाचताना मला आमचा कॅसेटवालाच दिसत होता.

अर्थात कॅसेट येण्याआधीही कंपनीवाचून गाणी फिरतच होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचा बाज घेऊन आंबेडकरी जलसे केले. मग वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता, वयात आल्यावर अक्षरं शिकला. १९४३ च्या सुमारास गाणी लिहू लागला आणि पुढे २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात फिरला. गाणी हजारो. त्यांतली कितीतरी लोकांनी ऐकली ती दुसऱ्यांच्या गळ्यातून.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलेलं. आणि तरीही...

शेजारच्या काकांचा टेप आणला, बेल्ट बदलला, एक कॅसेट लावली. कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव. कवीचं नाव कुठंच नाही. गाणं मात्र मी शाळेपासून गुणगुणतोय, फक्त ध्रुवपद आणि पहिलं कडवं! त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. शेवटच्या कडव्यात स्पष्ट 'वामन' आहे. अभंगात 'तुका म्हणे' असतं तसं. कव्हरवरून नाव गळेल हे दादांना जणू ठाऊकच होतं. तीसेक वर्षं त्यांचं गाणं म्हणत होतो आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली, खरं सांगतो.

आता कॅसेटवाला नाही, मोबाइल आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात घराघरांत पोचल्या त्या मोबाइलवरूनच. एक बाई, एक एकतारी, मागे कंपनी-बिंपनी काही नाही. मला त्या ऐकवल्या भाच्याने. त्याच्याकडे अशा नवनव्या गाण्यांचा साठाच आहे. रॅप काय, भारूड काय... त्याला सगळं चालतं. फक्त प्रत्येक तुकडा अर्ध्या मिनिटाचा.

"पुढचं कुठंय रे?"

"मामा, एवढंच असतं."

त्यातलं एक फार आवडलं, म्हणून रात्री पूर्ण गाणं शोधायला बसलो. साडेअकराला सापडलं. शेवटच्या कडव्यात एक नाव होतं, मी कधीच न ऐकलेलं. वहीत लिहून ठेवलंय.

आत्या, वाचते आहेस ना? तुझ्याकडच्या कॅसेट भंगारात देऊ नकोस. शिमग्याला येतोय, टेप घेऊन.